देवाला भ्यावे म्हणजे काय करावे?

"देवाला भिऊन वाग गं पोरी!" हे माझ्या आजीचे पालुपद आहे. सकाळी शाळेला निघताना, सायंकाळी प्रार्थना झाल्यावर, आणि दुसऱ्याच्या बांधावरच्या चिंचा पाडून आणल्याचे तिला कळले म्हणजे तर हमखास, हे वाक्य कानावर पडायचेच. आजीला लिहितावाचता येत नाही. तिच्या उशाशी असलेले पवित्र शास्त्र (बायबलला आमच्या घरात नुसते 'शास्त्र' म्हणतात) पूर्वी आजोबा तिला वाचून दाखवीत. आता सुटीत घरी गेले म्हणजे मी दाखविते. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहान गावातले आमचे घर. आईवडील हंगामात ऊसतोडीला जातात, एरवी मिळेल ते काम करतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे 'देवाला भिऊन वाग' या शिदोरीवरच मी येथे आले, असे म्हटले तरी चालेल.

पण शिदोरी उघडून पाहण्याची वेळ आली ती वसतिगृहात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली होती आणि आम्ही चौघीजणी मेणबत्तीभोवती गप्पा मारीत बसलो होतो. बोलता बोलता देवाधर्माचा विषय निघाला. माझी एक मैत्रीण तर्कशास्त्रात हुशार आहे. ती म्हणाली, "देव म्हणजे प्रेम, असे तुमच्या चर्चच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले मी वाचले आहे. मग तुम्ही त्याला भिता कशाला? आपल्यावर प्रेम करणाऱ्याला कोणी भिते का?"

मी पाठ केलेले उत्तर दिले, "भिणे म्हणजे येथे आदर करणे."

ती लगेच म्हणाली, "मग आदरच म्हणा ना! भय कशाला म्हणता?"

मला पुढे बोलता येईना. तेवढ्यात वीज आली आणि विषय तेथेच राहिला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. त्यानंतर दिवाळीच्या सुटीपूर्वी आमच्या खानावळीत एक प्रकार घडला आणि तो प्रश्न केवळ गप्पांचा राहिला नाही. त्या प्रकाराविषयी पुढे सांगणारच आहे. प्रथम, या काही महिन्यांत वाचून आणि विचारून मला जे कळले ते माझ्या अल्पमतीप्रमाणे मांडते. मी काही धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. चुकले तर वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

लहानपणी मी देवाला भीत होते, यात संशय नाही. वर उल्लेखिलेल्या चिंचा मी पाडल्या तेव्हा मी आठ वर्षांची होते. दुसऱ्याच दिवशी मला ताप भरला आणि तीन दिवस उतरला नाही. माझी पक्की खात्री झाली की हा चिंचांचाच ताप. त्यानंतर कितीतरी दिवस आभाळ गडगडले की मी पांघरुणात शिरत असे. माझ्या कल्पनेतला देव म्हणजे हातात छडी घेऊन वर्गाच्या दाराआड उभा असलेला मास्तर होता. आपण कधी चुकतो याचीच तो वाट पाहत असतो, असे मला वाटे. आज मला वाटते की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनातला देव, मग तो कोणत्याही धर्माचा असो, असाच असतो. आपण मोठे होतो, छडीची भीती जाते, आणि छडीबरोबर देवही जातो.

आता 'भय' या शब्दाकडे वळू. आपल्या मराठीतच एक गंमत आहे. एखाद्याला 'भित्रा' म्हटले तर त्याला राग येतो. पण 'पापभीरू' म्हटले तर तो सुखावतो. दोन्ही शब्दांत भिणे आहेच. पण एका भिण्याने माणूस लहान होतो आणि दुसऱ्याने मोठा. शास्त्राच्या मूळ भाषांतही असेच आहे. जुना करार हिब्रू भाषेत आहे. त्यात देवाच्या भयासाठी बहुधा 'यिरा' हा शब्द येतो, आणि त्याचे मूळ असे आहे की त्यातून थरकाप आणि पूज्यभाव असे दोन्ही अर्थ निघतात. नवा करार ग्रीक भाषेत आहे. त्यातला शब्द 'फोबोस'. मानसशास्त्राच्या पुस्तकांतून आपल्याला भेटणारा 'फोबिया' त्याच घराण्यातला. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण शास्त्र मराठीत आणले. साध्यासुध्या बायकांना ते समजावे ही त्यांची तळमळ होती, आणि ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. अशा शब्दांपाशी आल्यावर भाषांतर करणाऱ्याला किती विचार करावा लागत असेल, असे माझ्या मनात येते. 'आदर' लिहावे तर थरकाप निसटतो. 'भीती' लिहावे तर पूज्यभाव निसटतो.

या शब्दाची दोन्ही रूपे एकाच वाक्यात पाहावयाची असतील तर निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातले विसावे वचन वाचावे. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटून आलेले इस्राएल लोक सीनाय पर्वताच्या पायथ्याशी उभे आहेत. मेघगर्जना होत आहेत, विजा चमकत आहेत, पर्वत धुमसत आहे. लोक घाबरून दूर सरतात आणि मोशेला म्हणतात की तूच आमच्याशी बोल, देवाला बोलू देऊ नकोस. तेव्हा मोशे त्यांना सांगतो की भिऊ नका. आणि त्याच दमात सांगतो की देव आला आहे तो यासाठी की त्याचे भय तुमच्यापुढे राहावे आणि तुम्ही पाप करू नये. म्हणजे भिऊ नका आणि भय धरा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच वेळी सांगितल्या! पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटले की छपाईत चूक असावी. पण चूक नाही. लोकांना वाटणारे भय त्यांना देवापासून मागे सारीत होते. मोशे सांगत होता ते भय पापापासून मागे सारणारे होते. भय आपल्याला कोणापासून दूर नेते, हे पाहिले की कोणते भय कोणते ते ओळखू येते.

तसेच आणखी एक उदाहरण मार्कच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात आहे. येशू आणि त्याचे शिष्य होडीतून गालील सरोवर पार करीत असताना मोठे वादळ होते. शिष्य घाबरून निजलेल्या येशूला उठवितात. तो वाऱ्याला आणि पाण्याला दटावतो आणि सारे निवांत होते. आता शिष्यांची भीती जायला हवी होती. पण मार्क लिहितो की त्यानंतर त्यांना फार मोठे भय वाटले आणि हा आहे तरी कोण, असे ते एकमेकांना विचारू लागले. वादळ संपल्यावर वाढलेले हे भय बुडण्याचे नव्हते. आपल्याच होडीत, आपल्याच उशाशी कोण निजला होता, हे कळल्याचे ते भय होते.

मैत्रिणीला मी 'आदर' हे जे उत्तर दिले, ते येथेच लंगडे पडते. आदर तर मी भिंतीवरच्या तसबिरीचाही करते. तसबिरीने माझ्या वागण्यात काही फरक पडतोच असे नाही. भय मात्र समोर खरोखर कोणी असल्याशिवाय वाटत नाही. 'देवाला भी' असे आजी म्हणते तेव्हा तिला पहिली गोष्ट हीच सांगायची असते की, पोरी, देव खरोखर आहे, आणि तू एकटी नाहीस.

ख्रिस्ती लोकांत भय म्हणजे केवळ प्रार्थनेच्या वेळचा भाव आहे, असे जर कोणाला वाटत असेल तर त्याने लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचावा. मी तो आजीला वाचून दाखविला तेव्हा मीच थांबले. तेथे आज्ञा आहेत त्या अशा: मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवून घेऊ नये, बहिऱ्याला शिवी देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, आणि लगोलग, आपल्या देवाचे भय बाळगावे. पुढे त्याच अध्यायात वृद्धांसमोर उठून उभे राहण्याची आज्ञा येते, तेथेही हेच शब्द. पंचविसाव्या अध्यायात हाताखालच्या दासावर जुलूम करू नये असे सांगितले आहे, तेथेही पुन्हा तेच. असे का असावे? बहिऱ्याला दिलेली शिवी त्याला ऐकू येत नाही. आंधळ्याला धोंडा कोणी ठेवला ते दिसत नाही. मजूर आणि दास तक्रार घेऊन जाणार कोणाकडे? म्हणजे, जेथे पकडले जाण्याची भीती नाही, जेथे समोरचा आपले काही वाकडे करू शकत नाही, नेमके तेथेच शास्त्र देवाच्या भयाची आठवण देते. जेथे माणसाचे भय संपते तेथे देवाचे भय सुरू होते. ज्याचे कोणी नाही त्याच्या बाजूने ते उभे राहते.

हे वाचताना मी का थांबले, ते आता सांगते.

आमच्या वसतिगृहाच्या खानावळीत एक मावशी होत्या. पोळ्या लाटणे, भांडी घासणे ही त्यांची कामे. दिवाळीपूर्वी कोठीतला तेलाचा एक डबा नाहीसा झाला आणि आळ मावशींवर आला. मावशी म्हणाल्या की डबा खानावळ चालविणाऱ्या गृहस्थांच्याच माणसाने नेला. मोटारसायकलला बांधून नेताना आपण पाहिले. "साक्षीदार कोण?" असे त्यांना विचारण्यात आले. मावशी गप्प राहिल्या. भांडी घासण्याच्या जागेजवळ आम्ही दहाबारा मुली हातात ताटे घेऊन उभ्या होतो. त्यांत मी होते. आदल्या संध्याकाळी पाणी भरायला खाली उतरताना जिन्यातून तो डबा बांधला जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. मीही गप्प राहिले.

कारण उघड होते. माझे खानावळीचे दोन महिन्यांचे पैसे थकलेले होते, आणि "राहू दे, सावकाश दे," असे तेच गृहस्थ मला म्हणाले होते. वसतिगृहातली माझी जागाही सवलतीची. बोलले तर जेवण बंद होईल, जागा जाईल, शिक्षण सुटेल, आणि मग पुढच्या हंगामात आईबरोबर उसाच्या फडात, हे सारे एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोरून गेले. मावशींना काढून टाकण्यात आले. तेलाची भरपाई म्हणून त्यांचा अठरा दिवसांचा पगारही दिला नाही. त्या रात्री मी नेहमीप्रमाणे प्रार्थना केली. कशाची केली ते आठवत नाही.

पुढे सुटीत घरी गेले आणि आजीला वाचून दाखविता दाखविता मजुराची मजुरी, बहिरा, आंधळा आणि देवाचे भय हा अध्याय समोर आला. मी मध्येच का थांबले, असे आजीने विचारले. मी म्हटले, "अक्षर नीट दिसत नाही." दिवा माझ्या शेजारीच होता.

माझी अडचण ही नव्हती की मला भय वाटत नव्हते. भय पुरेपूर वाटत होते. पण ते चुकीच्या ठिकाणी होते. निर्गमच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींची गोष्ट आहे. इस्राएलांच्या बायकांना मुलगा झाला तर त्याला तेथल्या तेथे मारून टाका, असा हुकूम मिसरचा राजा फारो त्यांना देतो. फारो म्हणजे त्या काळी पृथ्वीवरचा केवढा सत्ताधीश! आणि या दोघी सुइणी. पण त्या मुलांना मारीत नाहीत, आणि त्याचे कारण शास्त्र एवढेच देते की त्यांनी देवाचे भय धरले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या अध्यायात फारोचे नाव दिलेले नाही. सुइणींची नावे मात्र दिलेली आहेत. त्या शूर होत्या असे तेथे म्हटलेले नाही. त्या भ्याल्या, पण भिण्याजोग्याला भ्याल्या, म्हणून फारोला भिण्याची त्यांना गरज उरली नाही. आजी सांगते की आमचे वाडवडील सगळ्यांनाच भीत: सावकाराला, गावच्या पाटलाला, कारकुनाला, पटकीच्या साथीला. एकालाच भ्यावे हे कळले तेव्हा त्यांची मान थोडी वर झाली. मी शिकले, पण ती मान पुन्हा खाली घातली.

येथे कोणी म्हणेल की मग ही छडीच झाली. राजाच्या छडीपेक्षा देवाची छडी मोठी, एवढाच फरक. ही शंका जुनी आहे आणि ख्रिस्ती विचारवंतांनी ती टाळलेली नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते आणि भीतीत शिक्षेचा धाक असतो, असे सांगितले आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की तुम्हाला मिळालेला आत्मा पुन्हा भीतीत ढकलणाऱ्या दासपणाचा नाही, लेकरांचा आहे. मग जुने भय रद्द झाले काय? उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने योहानाच्या याच पत्रावर प्रवचने दिली. त्याने दोन बायकांचे उदाहरण घेतले आहे. दोघींनाही विचारले की तू नवऱ्याला भितेस का, तर दोघीही 'हो' म्हणतात. पण एकीचे मन दुसरीकडे गुंतलेले आहे. तिला भय आहे ते नवरा येईल याचे. दुसरीला भय आहे ते तो आपल्याला सोडून जाईल याचे. उदाहरण जुन्या काळचे आहे आणि आजच्या मुलींना ते खटकेल, मलाही खटकले. पण त्यातला भेद लाखमोलाचा आहे. शब्द एकच, तोंडे विरुद्ध दिशांना. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्विनास याने दासाचे भय आणि पुत्राचे भय असा हा भेद नीट मांडला. दास शिक्षेला भितो. पुत्र बापाला दुखविण्याला भितो. मार्टिन लूथरने १५२९ साली लहान मुलांना आणि साध्या माणसांना शिकविण्यासाठी जी प्रश्नोत्तरावली लिहिली, तीत दहा आज्ञांचे स्पष्टीकरण देताना देवाला भिणे आणि देवावर प्रीती करणे या दोन गोष्टी त्याने प्रत्येक वेळी जोडीनेच घेतल्या आहेत.

दासाच्या भयाने काय होते, त्याची गोष्ट येशूने स्वतःच सांगितली आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात एक धनी परगावी जाताना तीन चाकरांजवळ पैसे ठेवतो. दोघे त्यावर उद्यम करतात. तिसरा, धनी कठोर आहे या भीतीने, ते पैसे जमिनीत पुरून ठेवतो आणि जसेच्या तसे परत आणून देतो. त्याने चोरी केली नाही, उधळले नाही. तरी दोष त्याच्याच पदरी येतो. भीतीने त्याचा हात बांधून टाकला होता. ही गोष्ट मी पूर्वी अनेकदा ऐकली होती. पण तो चाकर कोण, हे मला खानावळीच्या प्रकारानंतर कळले. मीही काही चोरले नव्हते. मी फक्त पाहिलेले पुरून ठेवले होते.

सुटीहून परत आल्यावर मी वसतिगृहाच्या मॅडमकडे गेले आणि काय पाहिले ते सांगितले. तेव्हाही माझे पाय कापतच होते. देवाचे भय धरले की बाकीची भीती लगेच पळून जाते असे कोणी म्हणत असेल तर तो माझा अनुभव नाही. मॅडमनी चौकशी केली. मावशींचा पगार देण्यात आला. काम मात्र परत मिळाले नाही. त्यांच्या जागी दुसरी बाई आधीच लागली होती. माझी जागा राहिली, थकलेले पैसे मला महिनाभरात भरावे लागले. म्हणजे मी ज्याला भीत होते ते फारसे घडलेच नाही, आणि ज्याला भीत नव्हते ते घडून गेले होते.

एका रविवारी पत्ता काढून मी मावशींच्या घरी गेले. त्या आता कांद्याच्या खुरपणीला जातात. मी बरेच अडखळत सांगू लागले की त्या संध्याकाळी मी पाहिले होते. त्यांनी मला पुरते बोलूही दिले नाही. "ठाऊक आहे मला. जिन्यात उभी होतीस तू. मी मोरीपाशी होते, मला दिसली होतीस."

मी चकित झाले. "मग साक्षीदार कोण विचारलं तेव्हा तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

त्या म्हणाल्या, "तुझं शिक्षण बुडालं असतं, पोरी." आणि चहा ठेवायला उठल्या.

त्या क्षणी मला जे वाटले त्याला दुसरे नाव नाही. ते भयच होते. मावशी मला शिक्षा करणार नव्हत्या. रागावल्याही नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते, हिशेब फिटला असता. पण मी मागण्यापूर्वीच, मला कळण्यापूर्वीच, स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मला माफ करून टाकले होते. त्यानंतर असे पुन्हा कधी आपल्या हातून होईल की काय, याचे मला जेवढे भय वाटते तेवढे चिंचांच्या तापाचेही कधी वाटले नव्हते.

स्तोत्रसंहितेतले १३० वे स्तोत्र मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यातली एक गोष्ट मला कधीच कळली नव्हती. कवी देवाला म्हणतो की क्षमा तुझ्याजवळ आहे आणि त्यामुळेच लोक तुझे भय धरतात. मला वाटे, हे उलटे आहे. शिक्षा आहे म्हणून भय, हे समजते; क्षमा आहे म्हणून भय, हे कसे? मावशींच्या ओट्यावर चहाचा पेला हातात धरून बसले असताना ते मला कळले. शिक्षा भोगून माणूस मोकळा होतो. क्षमेपासून मोकळे होता येत नाही. ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेच्या मध्यभागी क्रूस आहे, म्हणजे दुसऱ्याने स्वतः सोसून दिलेली क्षमा आहे. तिच्यापुढे जो उभा राहतो त्याला छडीची भीती राहत नाही. पण बेफिकीरही राहता येत नाही. या दोहोंच्या मध्ये जे उरते त्याला शास्त्र 'देवाचे भय' म्हणते, असे मला वाटते.

प्रामाणिकपणे दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. पहिली ही की येशूच्या बोलण्यातही कठोर इशारे आहेत. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तो सांगतो की शरीराला मारणाऱ्यांना भिऊ नका, तर शरीर आणि जीव दोहोंचा नाश नरकात करावयास जो समर्थ आहे त्याला भ्या. हे वाक्य मऊ करून सांगता येत नाही, आणि मी करणार नाही. पण त्याच्या पाठोपाठ तो चिमण्यांकडे बोट दाखवितो. बाजारात अगदी क्षुल्लक किमतीला दोन मिळतात, तरी पित्याच्या नकळत त्यांतली एकही जमिनीवर पडत नाही. म्हणून भिऊ नका, असे तो शेवटी सांगतो. म्हणजे येथेही, सीनाय पर्वताप्रमाणेच, दोन्ही गोष्टी जवळजवळ आहेत. दुसरी गोष्ट अशी की देवाच्या भयाचा उपयोग माणसांनी माणसांना दाबण्यासाठीही केला आहे. चर्चच्या इतिहासात याची उदाहरणे कमी नाहीत. पण लेवीयचा अध्याय हातात धरून हे तपासता येते. जो भय शिकवितो तो ते स्वतःच्या खुर्चीसाठी शिकवितो, की मजुराच्या मजुरीसाठी, हे पाहावे. आंधळ्याच्या वाटेतला धोंडा ज्या भयाने उचलला जात नाही, ते देवाचे भय नव्हे.

मैत्रिणीच्या प्रश्नाला मी आता उत्तर देऊ शकते. प्रेम करणाऱ्याला कोणी भिते का, असे तिने विचारले होते. भिते. ज्याचे प्रेम आपल्याला काहीच वाटत नाही त्याला दुखविण्याची भीतीही वाटत नाही. मात्र हे उत्तर मी तिला वादात दिले नाही. खानावळीचा सारा प्रकार तिला सांगितला तेव्हा तीच काही वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "त्या दिवशी ताट घेऊन मीही उभी होते. डबा मी पाहिला नव्हता. पण मावशी खरे बोलत आहेत हे मला वाटत होते." ती देव मानत नाही. तरी तिला मी काय म्हणते ते समजले, असे मला वाटते.

नाताळच्या सुटीत आजीने पुन्हा तोच अध्याय वाचावयास सांगितला. या वेळी मी मध्ये थांबले नाही. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आता दिसतंय का अक्षर?" मी हो म्हटले. तिला किती कळले होते ते तिलाच ठाऊक. निघताना एस.टी.च्या खिडकीशी येऊन ती नेहमीचेच वाक्य म्हणाली. मी तिला या वेळी "हो गं" म्हटले, ते तिला टाळण्यासाठी म्हटले नाही.

(द्वितीय वर्ष कला)